लुआनच्या मशीनमधला गर्भदेव

"मागे सरा! मागे सरा! देव उठतोय!"

मांत्रिक जिएन शिफू गरजले आणि लुआनच्या परसातली माणसं एकमेकांच्या पायांवर पाय देत मागे सरली. पत्र्याच्या छपराखाली ते नवं वॉशिंग मशीन उभं होतं. समोर काचेचं गोल दार, अंग पांढरंशुभ्र. इतका वेळ ते गुणी मुलासारखं कपडे घुसळत होतं. आता ते आधी गुरगुरलं, मग कण्हलं, आणि मग त्याच्या अंगातच आलं. धडधड, धडाडधड! चारही पायांवर नाचत ते वीतभर पुढे सरकलं. शेजारची बादली कलंडली. यंत्र शहाण्यासारखं वागावं म्हणून आमच्याकडे त्याच्या डोक्यावर हिरव्या पुडीतला मक्याचा खाऊ ठेवतात. ती पुडी उडाली आणि थेट पोमेलोच्या, म्हणजे पपनसांच्या, टोपलीत जाऊन पडली.

"खाऊ फेकला! देवाने खाऊ फेकला!" बाजारात वाफवलेल्या तांदळाच्या वाट्या विकणारी चिनलिएन किंचाळली. तिने तिचं दुकान त्या दिवशी बंद ठेवलं होतं. देव रोज दिसत नाही, वाट्या काय रोजच विकायच्या असतात.

शिफूंनी काळा ध्वज उचलला. पिवळा रेशमी झगा, कपाळाला पट्टी, पायांत मात्र धावण्याचे बूट. मशीनपासून हातभर अंतरावर त्यांनी खडूने रेघ मारली होती आणि त्या रेघेच्या आत त्यांच्याशिवाय कोणी यायचं नव्हतं.

"मी सात डोंगरांवर तप केलंय!" ते मशीनला म्हणाले. "तीन समुद्रांचं पाणी प्यालोय! मला ओळखलं नाहीस? तिसऱ्यांदा ध्वज आपटला की गप्प व्हायचं!"

तीन समुद्रांचं पाणी पिऊन हा माणूस जिवंत कसा राहिला, हाच मला खरा चमत्कार वाटला. मी भिंतीकडेच्या स्टुलावर बसले होते, कारण माझे गुडघे फार वेळ उभं राहू देत नाहीत.

शिफूंनी एकदा ध्वज आपटला. मग बराच वेळ पुटपुटले. दुसऱ्यांदा आपटला. मशीन थयथयाट करतच होतं. मग त्यांनी डोळे बारीक करून मशीनच्या कपाळाकडे पाहिलं, दीर्घ श्वास घेतला आणि तिसऱ्यांदा आपटला. आणि खरंच, मशीनचा जोर ओसरला. धडधड मंदावली, थांबली, आणि त्यातून गोड धून वाजली.

"गातोय! देव गातोय!" बायकांनी हात जोडले. लुआनने तर जमिनीवर गुडघे टेकले. तिची सून पेइयुन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आठवा महिना सरत आलेला. तिने एका हाताने चौकट धरली होती आणि दुसरा हात पोटावर होता.

शिफू तिच्याकडे वळले.

"थाईशेन आहे हा. गर्भाचा देव. या घरात मूल आहे म्हणून तो इथे आहे. या यंत्रात बसलाय आणि संतापलाय. का? कारण ही मुलगी दवाखान्यात जाते. तिथे सुया टोचतात, पोटावर गार यंत्र फिरवून देवाचे डोळे दिपवतात. आता बाळ हातात येईपर्यंत हिने उंबरा ओलांडायचा नाही. रोज तीन वेळा अंगाऱ्याचं पाणी. उंबरा ओलांडलास, पोरी, तर हा देव मूल परत घेऊन जाईल. मागच्या वेळी नेलं ना? तसंच."

पेइयुनचा चेहरा पांढरा पडला. मागच्या वेळचं सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

थाईशेन माझ्या ओळखीचा आहे. चाळीसहून अधिक वर्षं मी या मादौ गावात सुईणपण केलं. आमच्याकडे सुईणीला मान मोठा. लहान मला सुईणआजी म्हणतात, लुआनच्या वयाच्या बायका सुईणताई. सायकलच्या मागे पत्र्याची पेटी बांधून मी पोमेलोच्या बागांमधून फिरत असे. मार्चमध्ये त्या फुलांचा वास इतका दाट असायचा की कपड्यांना लागून घरी यायचा. ज्या घरात जाईन, तिथे माझ्या आधी थाईशेन येऊन बसलेला. पंचांगात त्याचा पत्ता छापलेला असे. आज तो दारात, उद्या चुलीत, परवा उखळात. तो जिथे असेल तिथे खिळा ठोकायचा नाही, वस्तू हलवायची नाही, कात्री चालवायची नाही. नाहीतर मूल व्यंग घेऊन जन्मेल, किंवा जन्मणारच नाही.

खरं सांगायचं तर त्या देवावर माझा फारसा राग नव्हता. त्याच्या नावाने गरोदर सुनांना जड कपाट ओढण्यापासून सुटका मिळायची. सासूला सुनेची दया येत नसेल, पण देवाची भीती वाटायची. कित्येकींनी त्या नावाखाली दुपारची झोप काढली. मीही एक-दोघींच्या सासवांना सांगितलं होतं, "आज थाईशेन पाण्याच्या घागरीत बसलाय, हिला घागर उचलू देऊ नका."

पण त्याचं दुसरं रूपही मी पाहिलंय. युएकिम नावाची मुलगी होती, माझ्यापेक्षा लहान. तिचा पलंग भिंतीला चिकटून होता आणि मूल आडवं आलेलं. मला दोन्ही बाजूंनी हात घालायला जागा हवी होती. मी म्हटलं, पलंग पुढे ओढा. घरातले सहा पुरुष उभे होते, एकही पुढे आला नाही. पंचांग म्हणत होतं, थाईशेन पलंगात आहे. त्यांनी पलंग हलवला तो ती गेल्यानंतर, तिला बाहेर न्यायला.

म्हणून शिफूंचं बोलणं ऐकल्यावर मी स्टुलावरून उठले आणि गर्दीतून वाट काढत स्वयंपाकघरात गेले. बाहेरच्या खोलीत शिफूंसाठी शेवया वाढल्या जात होत्या. देवाशी भांडून त्यांना भूक लागली होती.

पेइयुन टेबलाशी बसली होती. समोर राखेच्या पाण्याचा पेला.

"हात दाखव," मी म्हटलं.

तिने हात पुढे केला. अंगठी बोटात रुतली होती. दोन्ही बाजूंनी मांस वर आलं होतं. मी तिच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि पडूनच राहिला. डोळ्यांखाली फुगलेलं.

"डोकं दुखतं?"

"परवापासून. पण ते मशीनच्या आवाजाने असेल, सुईणआजी."

"डोळ्यांपुढे काही दिसतं? चमकल्यासारखं?"

ती हळूच म्हणाली, "काजवे. आई म्हणाल्या, देवाचं दर्शन असतं ते."

माझी जुनी रक्तदाबाची पट्टी मी अजून पिशवीत बाळगते. बांधली, फुगवली. काटा जिथे थांबला ते पाहून माझ्याच कानशिलात ठणका उठला. पुन्हा मोजलं. तेच.

"ऊठ," मी म्हटलं. "दवाखान्यात जायचं. आत्ता. सोमवारच्या तपासणीची वाट बघायची नाही."

"नाही येणार मी."

"पेइयुन, हे दुखणं मला माहीत आहे. यात बाईला झटके येतात. बाई जाते, मूलही जातं."

"आणि गेले तर मूल जाणार, असं ते म्हणतात." तिचा आवाज फुटला. "सुईणआजी, मागच्या वेळी मीच खिळा ठोकला होता. दिनदर्शिका लावायला. आई नको म्हणत होत्या, मी हसले. आठवड्याने सगळं संपलं. आता मी पुन्हा हसू?"

मी तिच्या शेजारी बसले. "त्या महिन्यात तुमच्या पलीकडे नवं घर बांधत होते, आठवतं? दिवसभर हातोडे, छिद्रं पाडायची यंत्रं. त्या घरातली मोठी सून गरोदर होती. तिचा मुलगा आता शाळेत जातो. तुझा एक खिळा देवाला ऐकू गेला आणि तिचे हजार नाही?"

तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं, पण तेवढंच. "मग मशीन का ओरडतं? मी लावलं की ओरडतं. बाळाने लाथ मारली की ओरडतं. त्यांनी सांगितलं की थांबतं. तुम्हीपण पाहिलंत ना? ते काय आहे ते सांगा मला. ते देव नसेल तर मी येते."

ही मुलगी मूर्ख नव्हती. घाबरली होती. आणि तिने विचारलेला प्रश्न सरळ होता, तेव्हा उत्तरही सरळच द्यायला हवं होतं.

मी आधी तिच्या नवऱ्याला, चिहाओला, कारखान्यात फोन लावला. हा पोरगा माझ्याच हातांत जन्मलाय, त्याच्याशी गोड बोलायची मला गरज नाही. "काम टाक आणि गाडी घेऊन ये. कारण विचारू नकोस." त्याला पोचायला अर्धा तास तरी लागणार होता. पेइयुनला मी डाव्या कुशीवर निजवलं, पेल्यातलं राखेचं पाणी मोरीत ओतलं आणि परसात गेले. अर्ध्या तासात मला एका मशीनची तपासणी करायची होती.

बाईची तपासणी करताना आधी विचारायचं, मग बघायचं, मग हात लावायचा. दुखणं कधी सुरू झालं? कशाने वाढतं? कशाने थांबतं? मशीनला तोंड नाही, पण लुआनला होतं.

"लुआन, हे ओरडायला कधी लागलं?"

"आलं त्या दिवसापासून, सुईणताई. पहिल्याच धुण्याला." ती टोपलीतून खाऊची पुडी शोधून परत मशीनवर ठेवत होती. "मी म्हटलं ना, घरात पोटुशी बाई असताना नवी वस्तू आणू नये. पण चिहाओ ऐकेल तर ना! म्हणे हिला वाकायला नको, म्हणून हे समोरून दार असलेलं."

"पहिल्या दिवसापासून. म्हणजे नंतर जडलेलं दुखणं नव्हे, जन्माचं आहे. पाणी घेताना ओरडतं? घुसळताना?"

"नाही. पिळायला लागलं की."

"पेइयुन घरात नसताना?"

लुआन अडखळली. "मंगळवारी ती माहेरी होती... तेव्हाही ओरडलं."

"मग देव काय माहेरी गेला नव्हता?"

"सुईणताई, देवाची थट्टा करू नका हो!"

मी मशीनच्या डोक्यावर पाण्याने भरलेलं ताट ठेवलं. पाणी सगळ्या काठांना सारखं टेकलं. म्हणजे पाय समपातळीत होते. मग आतले कपडे काढून टाकले आणि मशीन रिकामंच पिळायला लावलं. तरी तेच नाचणं. म्हणजे कपड्यांचा गोळा एका बाजूला होतो असंही नव्हतं. मी ते बंद केलं, दार उघडलं, आत हात घातला आणि वरच्या बाजूने ड्रम ढकलून पाहिला.

हलेना. दगडासारखा घट्ट.

माझ्या घरी असंच समोरून दार असलेलं मशीन आहे, भाचीने दिलंय. दोन दारं सोडून माझं घर. मी लंगडत गेले, माझ्या मशीनच्या पोटात हात घातला आणि तसंच वर ढकललं. ड्रम झोक्यात घातलेल्या बाळासारखा वर गेला, खाली आला, डुलला. आत तो कशाला तरी टांगलेला असावा आणि हलायला मोकळा असावा, एवढं मला कळलं. मग लुआनचा का हलत नव्हता? त्याला कोणीतरी बांधून ठेवलं होतं.

परत आले. चिनलिएनला म्हटलं, "मशीन भिंतीपासून ओढ."

ती दोन पावलं मागे गेली. "मी? थाईशेनला ओढू?"

"तो आत्ताच नाचत वीतभर पुढे आला तेव्हा त्याला कोणी ओढलं? तू आणखी वीतभर ओढ."

तिने डोळे मिटून ओढलं आणि डोळे उघडल्यावर आपले हात अजून जागच्या जागी आहेत का ते बघितलं. मी टॉर्च मारला. मशीनच्या पाठीत चार जाड बोल्ट होते, प्रत्येकाखाली लाल प्लास्टिकची चकती. माझ्या मशीनच्या पाठीत बरोबर त्याच जागी पांढरी झाकणं आहेत. पुसताना माझा हात शेकडो वेळा त्यांच्यावरून फिरलाय.

"लुआन, हे बसवायला जो माणूस आला होता, त्याने पाठीमागे काय केलं?"

"काही नाही. करू कुठे दिलं मी? खोक्यातून काढलं आणि मेला पाना घेऊन पाठीशी बसला. बोल्ट फिरवायला! घरात पोटुशी सून आणि हा बोल्ट फिरवतोय! मी त्याच्या हातातून पाना हिसकावला. म्हटलं, माझ्या घरात बाळ होईपर्यंत एक खिळा, एक बोल्ट हलणार नाही. तो काहीतरी कुरकुरला आणि पाना इथेच टाकून निघून गेला."

"काय कुरकुरला?"

"मी कशाला ऐकते? तो परत येऊ नये म्हणून मी तर मिठाची चिमूट टाकली मागे."

मी दुकानात फोन लावला. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून आवाज मोठा ठेवला. बसवणाराच भेटला आणि मी बोल्ट म्हटल्याबरोबर तो ओरडला, "अहो आजी, ते अजून काढले नाहीत? ट्रकमधून आणताना आतला ड्रम आपटू नये म्हणून ते घट्ट आवळलेले असतात. बसवल्यावर काढायचेच असतात! ड्रम जोरात फिरताना त्याचे धक्के आतल्या स्प्रिंगांनी झेलायचे. ते बोल्ट राहिले तर सगळे धक्के अख्ख्या मशीनला बसतात. नाचेल नाहीतर काय! मी त्या काकूंना तीनदा सांगितलं. त्यांनी माझ्यावर मीठ फेकलं!"

गर्दीत कोणीतरी फिसकन हसलं.

"काय चाललंय इथे?" तोंड पुसत जिएन शिफू बाहेर आले. मशीन पुढे ओढलेलं पाहून त्यांनी झगा सावरला. "थाईशेनला हात लावला? कोणी? आजीबाई, तुम्ही? तुमचं वय झालंय, तुम्हाला काय होणार! भोगणार ती पोर!"

पेइयुन आवाजाने उठून दारात आली होती. मी तिला खुर्चीवर बसवलं. शिफूंचं बोलणं तिच्या पोटात थेट गेलं, हे मला दिसलं. मग मी ठरवलं, आधी हा माणूस, मग बोल्ट.

"शिफू, रागावू नका," मी म्हटलं. "मला तुमची विद्या पुन्हा एकदा बघायची आहे. देव उठवते, तुम्ही निजवा."

गर्दीपुढे नाही म्हणता येईना. त्यांनी ध्वज उचलला.

मशीनच्या कपाळावर छोटी काच असते आणि किती मिनिटं उरली ते आकडे तिथे उजळतात. मी पिशवीतून चिकटपट्टी काढली, तिचा तुकडा त्या आकड्यांवर लावला आणि मशीन पिळायला लावलं.

"हे काय?" शिफूंचा आवाज बारीक झाला.

"देवाला लाज वाटते माझ्यापुढे. डोळे झाकले त्याचे. तुम्ही तर सात डोंगरांवर तप केलंय, तुम्हाला आकडे कशाला लागतात?"

मशीनच्या अंगात आलं. शिफूंनी एकदा ध्वज आपटला, दुसऱ्यांदा आपटला, पुटपुटले, झाकलेल्या आकड्यांकडे पाहिलं, पत्र्याकडे पाहिलं, आणि तिसऱ्यांदा आपटला. मशीनने त्यांना काडीचीही किंमत दिली नाही.

"आणखी एकदा आपटा शिफू," चिनलिएन म्हणाली. तिचा सूर आता निराळा होता. "ऐकू आलं नसेल त्याला. फार गोंगाट आहे ना."

चौथ्यांदा आपटला. पाचव्यांदा. घाम कपाळाच्या पट्टीतून खाली उतरला. सहाव्यांदा ध्वजाची काठीच मोडली. आणि ते काठीकडे बघत असताना, कोणी काहीही आपटलेलं नसताना, मशीन आपल्या वेळेला थांबलं आणि गाणं म्हणालं.

"ते मशीनला थांबवत नव्हते," मी लोकांना म्हटलं. "ते आकडे वाचत होते. शेवटचं मिनिट दिसलं की तिसरा ध्वज. म्हणून ती खडूची रेघ. तुम्ही जवळ आला असता तर तुम्हीही वाचले असते."

"अश्रद्ध माणसापुढे देव ऐकत नाही!" शिफू म्हणाले. "हे बोल्ट म्हणजे थाईशेनच्या मुठी आहेत. फिरवून तर बघा! मूल जाईल! मी हात झटकले!"

लुआनने मशीनच्या पाठीला पाठ लावली. "नाही, सुईणताई. आकड्यांचं खरं असेल. पण बोल्ट नाही. मी एकदा नातवंड घालवलंय. मला मारून टाका, पण बोल्ट नाही." ती रडत होती. ढोंग नव्हतं ते. ही भीती तिच्या सासूने तिला दिली होती, त्या सासूला तिच्या सासूने. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"आई, बाजूला व्हा."

पेइयुन खुर्चीवरून उठली होती. कोपऱ्यातला पाना तिच्या हातात होता.

"पेइयुन, तू बस," मी म्हटलं. "कोणीतरी काढेल."

"नाही. दुसऱ्या कोणी काढले तर उद्या शिफू म्हणतील, देवाला कळलं नाही कोणी काढले ते. मीच काढते. मूल माझ्या पोटात आहे." ती शिफूंकडे वळली. तिचा चेहरा सुजलेला होता, पण नजर खाली गेली नाही. "तुम्ही म्हणालात मूल जाईल. इथेच थांबा. पळू नका. बघा जातं का."

लुआनने सुनेकडे पाहिलं. मग ती बाजूला झाली. का झाली, ते तिने मला कधी सांगितलं नाही.

मी स्टूल मशीनच्या पाठीशी ठेवलं आणि पेइयुनला त्यावर बसवलं. पहिला हिसका मी दिला, कारण बोल्ट फार घट्ट होता. पुढचं तिने फिरवलं. परसात एवढी शांतता होती की लोखंडाची किरकिर ऐकू येत होती. एक बोल्ट लाल चकतीसकट बाहेर आला. ती थांबली. एकदम वाकली आणि पोटाला हात लावला.

"काय झालं?" लुआन ओरडली.

"लाथ," पेइयुन म्हणाली आणि हसली. "अहो, जोरात लाथ मारली त्याने. आहे तो. इथेच आहे."

बाकीचे तीन चिनलिएनने काढले. तिला आता कोणी थांबवू शकलं नसतं. मशीन जागेवर लोटलं आणि पिळायला लावलं. ते घुमलं. नुसतं घुमलं, दुपारच्या पंख्यासारखं. आत ड्रम इतका वेगाने फिरत होता की काचेमागे नुसता धूर दिसावा. वरची हिरवी पुडी थरथरलीसुद्धा नाही.

"पाहिलंत!" शिफू मोडकी काठी उंचावून म्हणाले. "देव प्रसन्न झाला! मी आतून मंत्र चालूच ठेवला होता!"

या वेळी सगळी गल्ली हसली. इतकी हसली की शिफूंना धावण्याच्या बुटांचा उपयोग करावा लागला.

चिहाओची गाडी गल्लीच्या तोंडाशी आली होती. पेइयुन स्वतःच्या पायांनी चालत गेली आणि उंबरा ओलांडताना तिने खाली पाहिलंही नाही. गाडीत बसल्यावर तिने माझा हात धरला आणि इस्पितळ येईपर्यंत सोडला नाही. तिला काजवे दिसत होते आणि ती घाबरलेलीच होती. फक्त आता ती योग्य गोष्टीला घाबरली होती.

डॉक्टरांनी तिला सरळ आत नेलं. संध्याकाळी पोट उघडून मूल काढावं लागलं. मुलगी. वजन बेताचं, पण आवाज चांगला खणखणीत. पेइयुनचा दाब उतरायला काही दिवस गेले. दोघी वाचल्या.

त्या संध्याकाळी लुआन इस्पितळाच्या बोळात बसली होती. डॉक्टर बाहेर आल्या, चिहाओच्याच वयाच्या असतील. लुआनने त्यांना अडवून विचारलं, "सोमवारपर्यंत थांबलो असतो तर?"

"सोमवारपर्यंत?" डॉक्टर म्हणाल्या. "काकू, मला नाही वाटत तिने उद्याची सकाळ पाहिली असती."

लुआन माझ्याकडे वळली. म्हणाली, "सुईणताई, मी तिला कोंडून ठेवणार होते."

"पण तू बाजूला झालीस," मी म्हटलं.

जिएन शिफू आता पलीकडच्या गावात असतात. ऐकलं की तिथे ते सांगतात, मादौमध्ये मी एका राक्षसाचे चार लोखंडी दात उपटले. ऐकायला माणसं जमतात. असल्यांना नवं गाव सापडायला वेळ लागत नाही. यंत्रं सगळीकडे बिघडतात आणि गरोदर बायका सगळीकडे घाबरतात.

मला लोक म्हणतात, आजी, जुन्या चालीरीतींना हात लावू नका. मी त्यांच्यातच म्हातारी झाले आहे. पंचांग ठेवा, उदबत्ती लावा, गरोदर बाईला जड उचलू देऊ नका, मी कशाला आड येऊ? पण घरातली वस्तू ओरडायला लागली तर ती कधी ओरडते, कशाने थांबते, शेजारची का ओरडत नाही, एवढं विचारा. तिला मागून, पुढून, आतून बघा. आणि कोणी ध्वज घेऊन उभा राहिला तर त्याची नजर कुठे जाते तेही बघा. एवढ्याने पुष्कळ देव आपापल्या घरी जातात.

आणि पोटुशी बाईला दवाखान्यात जाऊ नको असं जो सांगेल, त्याच्या आडवी मी येणार. मग त्याच्या अंगात कोणताही देव असो. माझे गुडघे गेलेत, तरी येणार. मी नसेन त्या दिवशी तुम्ही या.